पडद्यावरचे दोन मास्तर

या स्मरणिकेत आपल्या गुरुजनांच्या आठवणी आहेतच. मी लिहितो ते पडद्यावरच्या दोन मास्तरांविषयी. दोन्ही भूमिका डॉ. श्रीराम लागूंच्या.

साताऱ्यात १९२७ साली जन्मलेले लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद. चाळिशी ओलांडल्यावर, १९६९ साली, त्यांनी डॉक्टरकी सोडून अभिनय हाच पेशा पत्करला. पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले.

‘पिंजरा’तला (१९७२) मास्तर गावाचा आदर्श. तमाशातल्या नर्तकीच्या मोहात तो सर्वस्व गमावतो आणि शेवटी स्वतःच्याच खुनाची शिक्षा स्वीकारतो. ‘सामना’तला (१९७५) मास्तर दारूच्या नशेत गावात येतो, पण नाहीशा झालेल्या मारुती कांबळेची चौकशी तोच नेटाने करतो आणि निळू फुल्यांच्या बलाढ्य हिंदूरावाला हादरवतो. ‘सिंहासन’मध्ये (१९७९) बाजू पालटल्या: लागू सत्तेच्या मागे लागलेले मंत्री, तर फुले पत्रकार.

पहिल्या मास्तरचा मोठेपणा लोकांच्या नजरेत होता, दुसऱ्याचा त्याने विचारलेल्या प्रश्नात. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा, हे आपल्या गुरुजनांनीच शिकवले. म्हणून मला ‘सामना’तला मास्तर अधिक जवळचा वाटतो.