कलम ३०९ ते आशाताईंची प्रश्नावली : आत्महत्या प्रतिबंधाचा इतिहास

१/
कंधार म्हटले की राष्ट्रकूटांचा वारसा सांगणारा किल्ला आणि जगत्तुंग समुद्र हा तलाव आठवतो. २०१५ साली मात्र कंधार ज्या नांदेड जिल्ह्यात येते, तो जिल्हा एका वेगळ्याच यादीत होता : शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेले राज्यातील १४ जिल्हे. आत्महत्येकडे पाहण्याची शासनाची दृष्टी कशी बदलत गेली, त्याचा हा थ्रेड.

२/
आरंभ १८६० चा. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ ने आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवला. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. ही संहिता येथे लागू झाली ती १९५१ साली. जो वाचला, त्याच्या दारी वैद्याआधी पोलीस पोहोचू लागले.

३/
१९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका पोलीस शिपायाच्या खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवले. निकाल न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिला. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. परंतु १९९६ साली पाच न्यायाधीशांच्या पीठाने ती फिरवली आणि कलम पुन्हा जिवंत झाले.

४/
त्याच १९८६ साली फिनलंडमध्ये राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध प्रकल्प सुरू झाला. पुढील वर्षापासून बारा महिन्यांत घडलेल्या प्रत्येक आत्महत्येचा तेथे अभ्यास झाला : एकूण १,३९७. दोष कोणाचा, हा प्रश्न मागे पडला. मदत कोठे पोहोचली असती, हा प्रश्न पुढे आला. सार्वजनिक आरोग्याची दृष्टी ती हीच.

५/
मराठवाडा-विदर्भात मात्र शासन मृत्यूनंतर पोहोचत होते. डिसेंबर २००५ च्या निर्णयानुसार वारसांना एक लाख रुपये मिळू लागले. ३० हजार रोख, ७० हजार ठेवीत. अट अशी की नापिकी, कर्ज व वसुलीचा तगादा सिद्ध व्हावा. कर्ज बँकेचे, सोसायटीचे वा परवानाधारक सावकाराचे असावे.

६/
त्यातून 'पात्र' आणि 'अपात्र' हे दोन शब्द रूढ झाले. बिनपरवाना सावकाराचे देणे कागदावर येत नव्हते; भूमिहीन मजुराकडे सातबाराच नव्हता. दुःख एकच, पण चौकशी अहवालात त्याचे दोन रकाने झाले. मदत आवश्यक होती. तिला प्रतिबंध मात्र म्हणता येत नव्हते.

७/
२०१५ मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाने 'प्रेरणा प्रकल्प' हाती घेतला. मराठवाड्यातील ८ व विदर्भातील ६ जिल्हे त्यात होते. आशा स्वयंसेविकांनी घरोघरी जाऊन ठरावीक प्रश्नावलीतून ताणाची लक्षणे असलेली माणसे शोधायची, त्यांना समुपदेशकाशी व जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञाशी जोडायचे, सोबतीला १०४ ही हेल्पलाइन. प्रथमच शासन मृत्यूच्या अलीकडे उभे राहिले.

८/
२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ ने जुना न्याय उलटा केला. प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असेच गृहीत धरावे. तिला शिक्षा नाही. उलट तिची शुश्रूषा, उपचार आणि पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य. आरोपी रुग्ण झाला, फिर्यादी शासन उत्तरदायी झाले.

९/
नोव्हेंबर २०२२ मध्ये भारताचे पहिले राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण आले. लक्ष्य : २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू १० टक्क्यांनी घटवणे. तीन वर्षांत नोंद व देखरेखीची यंत्रणा, पाच वर्षांत प्रत्येक जिल्ह्यात मानसोपचार बाह्यरुग्ण विभाग, आठ वर्षांत शिक्षणसंस्थांत मानसिक स्वास्थ्याचा अभ्यासक्रम.

१०/
त्याच वर्षी देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. सर्वाधिक २२,७४६ महाराष्ट्रात. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि कलम ३०९ इतिहासजमा झाले. सरकारी कामात दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा उरला.

११/
दंडाचे कलम पुसायला १६४ वर्षे लागली. भीती आणि लाज पुसणे त्याहून अवघड. धोरण दिल्लीत लिहिले जाते, पण त्याची परीक्षा कंधारसारख्या तालुक्यातील एखाद्या वस्तीवर होते : आशाताई दारात येऊन "झोप लागते का?" असे विचारते तेव्हा. त्या प्रश्नाला खरे उत्तर देता यावे आणि उत्तरानंतर उपचार मिळावा, एवढ्यावर सारे धोरण तोलले जाईल.

(मन खचले असल्यास वा कोणाची काळजी वाटत असल्यास टेलिमानस : १४४१६, विनामूल्य, चोवीस तास.)