पाव दराची रात्र

भरवेलीच्या मॅंगनीज खाणीने आपल्यापैकी अनेक घरांना इकडे आणले, आणि ती इथेच रुजली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. सोयरिकी मात्र गोंदिया, भंडारा, नागपूरकडेच होत राहिल्या. पुढे मुले पुण्या-मुंबईला गेली, काही साता समुद्रापार. त्यामुळे फोनवर पैसे कसे वाचवावेत, हा आपल्या घरांत कायम चर्चेचा विषय.

आधी ट्रंककॉल. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे चढते प्रकार, आणि चढता खर्च. नंबर लावून तासन्‌तास बसायचे, आणि लागला की तीन मिनिटांत घसा फोडून बोलायचे. निम्मा वेळ ‘ऐकू येतंय का?’ यातच जाई. म्हणून आम्ही महत्त्वाचे पत्रात लिहीत असू आणि अत्यंत वाईट तेवढे तारेने कळे. लग्नपत्रिकेवर शेजाऱ्यांचा नंबर ‘पी.पी.’ म्हणून छापण्यात कुणाला संकोच वाटत नसे. त्या शेजाऱ्यांनी किती हाका मारल्या असतील, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

देशात एसटीडीची पहिली सोय १९६० मध्ये लखनौ–कानपूर मार्गावर झाली, पण आपल्यासारख्या लहान गावांपर्यंत ती यायला बराच काळ गेला. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, तिने उष्णता आणि धूळ सोसणारी छोटी एक्स्चेंजे बनवली आणि मग पिवळ्या पाट्यांचे बूथ चौकाचौकांत उभे राहिले. या बूथवर सवलतीचे दर होते. गंमत अशी की एका पल्सचा दर तोच राही, सवलतीच्या वेळी पल्स लांबत असे. त्याच पैशांत जास्त सेकंद मिळत. संध्याकाळी निम्मा दर, रात्र चढली की पाव दर. त्यामुळे जेवणे उरकून सारी मंडळी बूथपुढे रांग लावत. आत बोलणाऱ्याचे डोळे मीटरच्या लाल आकड्यांवर, बाहेरच्यांचे कान आतल्या बोलण्यावर! गावातल्या बऱ्याच सोयरिकी या रांगेतच आधी कळल्या.

परदेशाचे गणित निराळे. जुन्नर तालुक्यातील आर्वीचे उपग्रह केंद्र १९७१ मध्ये सुरू झाले, १९७६ मध्ये मुंबईहून लंडनला थेट डायल करता येऊ लागले. पण दर असा, की सामान्य माणसाने घड्याळ हातात धरूनच बोलावे. अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांनी तोड काढली. तिथे विशिष्ट व्यक्तीच्या नावाने कॉल मागवला आणि ती व्यक्ती नसली, तर पैसे पडत नसत. मग ठरलेले खोटे नाव सांगायचे. घरच्यांनी ‘ते नाहीत’ म्हणायचे. पोर सुखरूप पोचल्याचे कळे. इकडे आपणही तेच करत होतो: दोन रिंग म्हणजे पोचलो, तीन म्हणजे फोन कर. याला कुणी लबाडी म्हणो. घरी बसलेल्या आईची झोप त्यावर अवलंबून होती.

पण या काटकसरीची एक किंमतही होती. मिनिटे मोजताना म्हातारी माणसे दुखणी लपवत. ‘बरं आहे, तू सांग’ एवढ्यावर फोन संपे, आणि आजाराची खरी कथा मुलांना सुट्टीत घरी आल्यावरच कळे.

१ एप्रिल २००२ रोजी परदेशी कॉलवरील विदेश संचार निगमची मक्तेदारी संपली आणि त्याच दिवसापासून इंटरनेटवरून बोलण्यास परवानगी मिळाली. दर कोसळले. तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. आता नातवाच्या बाळंतविड्याला निघालेल्या आजी-आजोबांचा घोर रोमिंगचा असतो. निघण्यापूर्वी मोबाईलमधले डेटा रोमिंग बंद करावे, तिकडे वाय-फायवरून व्हॉट्सॲपने बोलावे, मुक्काम लांब असेल तर तिथलेच सिम घ्यावे. हॉटेलच्या खोलीतला फोन मात्र शक्यतो उचलू नये. बँकेचे ओटीपी येतात म्हणून इथले सिम काढून टाकू नये. त्यावर मेसेज घेण्याचे पैसे पडतात का, हे कंपनीला आधीच विचारावे.

कुणाच्या घरी जुनी ट्रंककॉलची बिले, तारा, बूथच्या पावत्या असतील, तर त्या मंडळाकडे पाहायला द्याव्यात. मांडवात एक फळा भरेल इतक्या तरी निघतील, असे आम्हांस वाटते.