फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फटेज (यीस्ट)

फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फटेज हे यीस्टच्या पेशीतील शर्करा-निर्मितीचे एक विकर आहे. पाव व मद्य यांसाठी वापरल्या जाणाऱ्या सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टला ग्लुकोज न मिळाल्यास इथेनॉलसारख्या पदार्थांवर गुजराण करावी लागते. तेव्हा त्यांपासून शर्करा घडवण्यास हे विकर आवश्यक असते.

ग्लुकोज उपलब्ध होताच मात्र तेच अडचणीचे ठरते. फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे विकर एटीपी खर्चून शर्करेला जो फॉस्फेट जोडते, तोच बिसफॉस्फटेज काढून टाकते. दोन्ही विकरे एकाच वेळी कार्यरत राहिल्यास एटीपी व्यर्थ जातो.

ग्लुकोज मिळाल्यावर पेशीतील चक्रीय एएमपी वाढतो व प्रोटीन कायनेज-ए कार्यान्वित होते. काही मिनिटांतच बिसफॉस्फटेजमधील ११ व्या स्थानावरील सेरीनला फॉस्फेट जोडला जाऊन त्याची क्रियाशीलता घटते. हा फॉस्फेट पुन्हा निघू शकतो. येथवर माघारीची वाट मोकळी असते.

पुढील बदल मात्र विकराचा शेवट करतो. जीआयडी नावाचे प्रथिन-संकुल त्याला युबिक्विटिन या लहान प्रथिनाची साखळी जोडते आणि प्रोटिॲझोम त्याचे तुकडे करतो. संकुलातील जीआयडी-४ हा घटक ग्लुकोज मिळाल्यानंतरच तयार होतो. तो विकराच्या आरंभीचे प्रोलीन हे अमिनो आम्ल ओळखतो, असे अलेक्झांडर वर्शाव्स्की व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले. तयार प्रथिन मोडणे वरवर उधळपट्टीचे वाटते; परंतु सुटे झालेले अमिनो आम्ल पेशीला पुन्हा वापरता येते. ग्लुकोज संपल्यास विकर नव्याने बनवावे लागते.