दुसऱ्या फेरीतली रशियन

१९३४ सालचा जून संपत आलाय. वाराणसीत दुर्गाघाटाच्या पायऱ्या चढून तुम्ही मराठी मंडळींच्या गल्लीत शिरता. बाहेर लू वाहतेय, आत एका वाड्याच्या ओसरीवर वेदाची संथा चाललीय. सगळे मुलगेच. संथा आटोपल्यावर गुरुजींना सहज विचारा, "मुंबईच्या क्षमाबाई राव माहीत आहेत का? सत्याग्रहावर संस्कृतात काव्य लिहिलंय त्यांनी. अठरा अध्याय, अनुष्टुभात. दोन वर्षांमागे पॅरिसला छापलंय."

गुरुजी मान डोलावतील. शंकर पांडुरंग पंडितांची मुलगी म्हटलं की नक्कीच. तुकोबांची गाथा आणि सायणभाष्यासह अथर्ववेद संपादणारे पंडित काशीत कोणाला सांगावे लागत नाहीत. "आणि बाई टेनिसही खेळतात," एवढं जोडा. मग गुरुजी हातातलं पंचपात्र खाली ठेवतील. "त्यांची लेक तर विलायतेला विम्बल्डन खेळतेय," हे ऐकायला बहुधा ते थांबणार नाहीत.

आपणही थांबायला नको. मधला बोटीचा प्रवास, सुएझ, मार्सेय हे सगळं गाळून थेट लंडन गाठू.

बाहेरच्या कोर्टांपैकी एका कोर्टाच्या कडेला उभे राहा. समोर लीला राव. वय बावीस. हातात लाकडी रॅकेट, त्यावर आतड्याची तात. चेंडू पांढरे, पिवळे यायला अजून पन्नासेक वर्षं आहेत. पलीकडे ब्रिटनची ग्लॅडिस साउथवेल. पहिला सेट लीला ४-६ असा घालवते. बाजू बदलताना दोघी पाणी पितात आणि चालू लागतात. बसायला खुर्ची नाही, ती १९७५ साली येईल. टायब्रेकरही नाही, त्यामुळे दुसरा सेट सहा-सहावर सुटत नाही. सात, आठ. एकीनं दोन गेमची आघाडी घेतल्याशिवाय सुटका नाही. तुम्हाला निकाल ठाऊक आहे, तरी तुमचे तळहात घामेजतातच. १०-८. सेट लीलाचा. तिसऱ्यात मग फारसं काही उरत नाही, ६-२. विम्बल्डनला सामना जिंकणारी पहिली भारतीय बाई तुमच्या डोळ्यांदेखत पुढे होऊन हात मिळवते आहे.

मला या सामन्यात सगळ्यात मोलाचा वाटतो तो मधला सेट. एक सेट गमावल्यावर अठरा गेम तग धरायचा, तोही बालपणापासून गवतावर खेळत आलेल्या मुलींच्या देशात. याला नुसती हौस म्हणता येत नाही.

दुसऱ्या फेरीत समोर आयडा अ‍ॅडमॉफ. जन्म मॉस्कोचा, खेळते फ्रान्सकडून. लीलाची घोडदौड ती इथंच अडवते. पुढच्या वर्षी ती क्लोद बुर्दे या पत्रकाराशी लग्न करेल, आणि नाझींनी फ्रान्स बळकावल्यावर तो भूमिगत लढ्यातला मोठा माणूस ठरेल. आज मात्र ती फक्त जिंकून कोर्टाबाहेर पडतेय.

लीला मुंबईला परततात. १९३१ ते १९४३ या काळात अखिल भारतीय एकेरीचं अजिंक्यपद त्यांनी सात वेळा मिळवलं. पुढे मुत्सद्दी हरीश्वर दयाळांशी लग्न झालं. नृत्यावर पुस्तक लिहिलं, आईच्या कथांवर संस्कृत नाटकं रचली. आजोबांपासून आलेली पोथी आणि आईकडून आलेली रॅकेट, दोन्ही त्यांनी सारख्याच मायेनं सांभाळल्या. दुर्गाघाटच्या गुरुजींना हे कळवायला हवं होतं, असं मला राहूनराहून वाटतं. मराठी घरांतून मात्र हे नाव आज क्वचितच निघतं. क्रिकेटपटूंच्या पणजोबांची गावं पाठ असणाऱ्या आपल्याला हे शोभत नाही.

आता एकाहत्तर वर्षांची उडी. २००५, तेच विम्बल्डन. अठरा वर्षांची सानिया मिर्झा, जन्म मुंबईचाच, पहिल्या फेरीत जपानच्या अकिको मोरिगामीला हरवते. दुसऱ्या फेरीत कोण येतं पाहा. स्वेतलाना कुझनेत्सोवा, लेनिनग्राडची, आदल्या वर्षीची अमेरिकन ओपन विजेती. तुमच्या काळजात चर्र होतं, कारण ही वाट तुम्ही पाहिलेली आहे. सानिया दुसरा सेट टायब्रेकरवर खेचून घेते, तिसऱ्यात झुंजते. ६-४, ६-७, ६-४. पुन्हा दुसरी फेरी, पुन्हा रशियन.

यात सूड वगैरे शोधू नका. दोनच वर्षांपूर्वी, २००३ साली, याच विम्बल्डनवर सानियानं मुलींच्या दुहेरीचं अजिंक्यपद मिळवलं होतं, आणि तिची जोडीदार होती अलिसा क्लेबानोवा, मॉस्कोची.