पानपिंपरी, बदरका आणि जिगर

शाळेच्या पुस्तकात अंजनगाव-सुर्जी येते ते एका तहापुरते. १५ डिसेंबर १८०३ ला गाविलगड पडला आणि ३० डिसेंबरला दौलतराव शिंद्यांनी इथे इंग्रजांशी तह केला. वैद्य, हकीम आणि काष्ठौषधींचे व्यापारी यांना मात्र हे गाव वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. अमरावती जिल्ह्यातले अंजनगाव आणि अकोला जिल्ह्यातले अकोट-तेल्हारा हा पानपिंपरीचा मुलूख. विड्याच्या पानांचे मळे करणाऱ्या बारी समाजाने पानवेलीची ही बहीणही सांभाळली. तिला सावली हवी, पाणी भरपूर हवे. वऱ्हाडच्या उन्हात तिला जगवणे सोपे नाही. फळे कच्ची असतानाच तोडतात आणि काळपट होईपर्यंत वाळवतात.

युनानीत हिचे नाव फिलफिल दराज. संस्कृत 'पिप्पली' इराणात 'पिलपिल' झाली, अरबीत 'प' नाही म्हणून 'फिलफिल' झाली, आणि ग्रीक-लॅटिनच्या वाटेने इंग्रजीत 'पेपर' झाली. इब्न सिनाच्या 'अल-कानून'मध्ये ती 'दार फिलफिल' म्हणून आहे. आपल्या घरांत पोटासाठी येणाऱ्या जवारिश जालीनूसच्या नुस्ख्यातही ती असते. जालीनूस म्हणजे ग्रीक वैद्य गॅलेन. नाव ग्रीक, भाषा अरबी-फारसी, माल इथला. युनानीला 'बाहेरची' म्हणणाऱ्यांनी ही एक बाटली नीट वाचावी.

या परंपरेतला मला सर्वात मोलाचा वाटतो तो 'बदरका' हा शब्द. मूळ अर्थ काफिल्याला वाट दाखवणारा, सोबत चालणारा. हकिमांनी तो दवेला लावला: मुख्य औषधाला हव्या त्या अवयवापर्यंत पोचवणारे सोबतीचे औषध. आयुर्वेदातले अनुपान आणि योगवाही याच्याच जवळचे.

आधुनिक विज्ञानाला ही सोबत समजायला वेळ लागला. १८१९ मध्ये डेन्मार्कच्या अर्स्टेडने मिरीतून पिपरीन वेगळे केले. (पुढच्याच वर्षी त्याने विजेचा आणि चुंबकाचा संबंध दाखवला. मिरीसाठी त्याला कोण आठवतो?) पानपिंपरीचा तिखटपणाही याच पिपरीनचा. १९७९ मध्ये जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतल्या सी. के. अटल यांनी त्याचा दुसरा गुण मांडला: ते सोबत दिले की दुसऱ्या औषधाचा जास्त अंश रक्तात पोचतो. कारण आपले जिगर चौकीदारासारखे असते. परके रसायन आले की ते त्याला मोडून बाहेर काढते. पिपरीन या चौकीदाराचे हात काही काळ धरून ठेवते. याच तत्त्वावर २००९ मध्ये भारतात क्षयाची गोळी आली. तिच्यात १० मिलिग्रॅम पिपरीन घातल्याने रिफाम्पिसिन ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम पुरते. रिफाम्पिसिन जिगराला त्रास देऊ शकते, म्हणून ही बचत मोठी.

जिगराच्या कर्करोगात मात्र गोष्ट अवघड होते. इथे चौकीदारच आजारी आहे. २००७ पासून या रोगासाठी सोराफेनिब वापरात आले. महिन्याचा खर्च होता सुमारे २,८०,००० रुपये. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी मुंबईतून देशातला पहिला सक्तीचा परवाना दिला आणि ते ८,८८० रुपयांत विकण्याची अट घातली. वनस्पतींतले घटक अशा औषधांना जोडून पाहण्याचे प्रयोग पेशींवर आणि उंदरांवर बरेच झाले आहेत. पिपरीन आणि हळदीतले कर्क्युमिन त्यांत वारंवार येतात. रुग्णांसाठी मान्य झालेला असा जोड अजून नाही. पानपिंपरीतल्याच पिपरलाँग्युमीनने कर्करोगाच्या पेशी निवडून मरतात, असा लेख २०११ मध्ये 'नेचर'मध्ये आला तेव्हा केवढा गाजावाजा झाला. २०१८ मध्ये तो मागे घेतला गेला. ती बातमी किती जणांपर्यंत पोचली?

सोराफेनिब मोडण्याचे कामही जिगरातली तीच यंत्रणा करते, जिला पिपरीन अडवते. म्हणजे पूड सोबत घेतली तर औषध शरीरात वाढू शकते, आणि त्याबरोबर रक्तदाब, जुलाब, तळहात-तळपाय सोलणे हेही. हळदीच्या कॅप्सूलचेही तसेच. २० मिलिग्रॅम पिपरीनने कर्क्युमिनचे रक्तातले प्रमाण वीसपट होते, असे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले, आणि बाजाराने ते लगेच उचलले. पुढे अमेरिकेत हळदीच्या गोळ्यांनी जिगर बिघडलेल्या १० रुग्णांची नोंद झाली, त्यातला एक दगावला. तपासलेल्या ७ नमुन्यांपैकी ३ मध्ये पिपरीनही होते.

जुने हकीम बदरका स्वतः ठरवत, मात्रा स्वतः बांधत. नाडी पाहिल्याशिवाय पुडी देत नसत. आज गोळी एका शहरातून येते, पुडी दुसऱ्या कुणीतरी व्हॉट्सअॅपवर सुचवलेली असते, आणि दोन्ही एकाच पोटात जातात. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "अजून कोणतं औषध चालू आहे?" आणि सोबतचा मुलगा म्हणतो, "काही नाही साहेब." खोटे बोलत नसतो तो. अम्मीने मधात कालवून दिलेली पूड त्याच्या लेखी औषध नसतेच.