ग्राफिक्स कार्ड : स्लॉटनिहाय बिघाड

मदरबोर्डवरच्या एका ठरावीक स्लॉटमध्ये ग्राफिक्स कार्ड नीट न चालणे, पण दुसऱ्या स्लॉटमध्ये किंवा दुसऱ्या संगणकात तेच कार्ड सुरळीत चालणे, याला स्लॉटनिहाय बिघाड म्हणता येईल. दोष कार्डात, स्लॉटमध्ये, प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये किंवा नुसत्या संपर्कात असू शकतो. तो नेमका कुठे आहे हे न पाहता नवे कार्ड घेतले, तर पैसे जातात आणि बिघाड तसाच राहतो.

रचना : २००४ च्या सुमारास एजीपी स्लॉटची जागा पीसीआय एक्स्प्रेसने घेतली. कार्डासाठीच्या लांब स्लॉटमध्ये १६ लेन, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या वाटा, असतात. त्याला एकूण १६४ संपर्कबिंदू असतात आणि त्यातून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. जास्त वीज लागणाऱ्या कार्डांना पॉवर सप्लायमधून वेगळी केबल जोडावी लागते. ८ पिनांच्या अशा एका जोडणीची क्षमता १५० वॅट असते. प्रोसेसरजवळचा पहिला लांब स्लॉट सहसा थेट प्रोसेसरला जोडलेला असतो. दुसरा अनेकदा चिपसेटमार्फत जोडलेला असतो आणि दिसायला तेवढाच लांब असूनही त्यात ४ लेनच कार्यरत असतात. काही मदरबोर्डांवर एम.२ एसएसडी लावल्यावर एखाद्या स्लॉटच्या लेन कमी होतात किंवा तो बंद पडतो. दोन स्लॉटमधला फरक म्हणजे बिघाडच, असे त्यामुळे धरता येत नाही. आधी मदरबोर्डची पुस्तिका पाहावी लागते.

लक्षणे : पंखे फिरतात पण पडद्यावर काहीच उमटत नाही, साधे काम चालते, पण गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगचा ताण येताच पडदा काळा होतो, कार्ड १६ ऐवजी ८, ४ किंवा एकाच लेनवर चालते. लेनची संख्या आणि वेग विंडोजमध्ये जीपीयू-झेड या प्रोग्रामवर दिसतो. वीज वाचवण्यासाठी कार्ड रिकाम्या वेळी लेनचा वेग उतरवते, म्हणून ही नोंद कार्डावर ताण असतानाच घ्यावी.

निदान : एका वेळी एकच गोष्ट बदलणे हा मुख्य नियम. आधी तेच कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावतात, मग चालू असल्याची खात्री असलेले दुसरे कार्ड संशयित स्लॉटमध्ये. दुसरे कार्डही तिथे अडले, तर संशय स्लॉट, सॉकेट किंवा बायोसवर जातो. दुसरे चालले आणि पहिले मात्र दोन्हीकडे अडले, तर कार्ड, त्याचा ड्रायव्हर किंवा वीजपुरवठा तपासावा. दोन्ही कार्डे आलटून पालटून कधी चालतात, कधी नाहीत, असे झाल्यास संपर्क कच्चा असण्याची शक्यता मोठी. बायोसमध्ये त्या स्लॉटचा वेग ‘ऑटो’वरून एक पायरी खाली आणल्यावर कार्ड स्थिर झाले, तर सिग्नल कमकुवत आहे असे समजते. राइझर केबल असेल तर ती काढून कार्ड थेट स्लॉटमध्ये लावून पाहावे. पहिल्याच स्लॉटच्या लेन कमी दिसत असतील, तर प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली पिन किंवा कूलरचा कमीजास्त दाब हेही कारण असू शकते.

किनारपट्टीवरील कारणे : मालवण, वेंगुर्ले, देवगड या सिंधुदुर्गातल्या बंदरगावांत खारा वारा हे बिघाडाचे मोठे कारण ठरते. हवेतले मिठाचे सूक्ष्म कण कॅबिनेटमध्ये शिरून बसतात. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतला ओलावा शोषून विरघळते, आणि पावसाळ्यात इथली आर्द्रता दिवसचे दिवस त्याहून वर राहते. कार्डाच्या संपर्कपट्ट्यांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. त्याखाली निकेल आणि त्याखाली तांबे. मुलाम्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून खारे पाणी खाली पोचले की धातू गंजू लागतो. उजेडात धरल्यावर पट्टीच्या कडेला हिरवट किंवा पांढुरकी पूड आणि मंद पडलेले ठिपके दिसतात. कार्डाच्या पट्ट्या पुसता येतात, पण स्लॉटमधल्या स्प्रिंगवरचा गंज सहज दिसत नाही. तो तिथे असेल, तर कार्ड साफ करूनही त्याच स्लॉटमध्ये तक्रार कायम राहते.

उपाय : संगणक बंद करून मुख्य वायर काढावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. स्लॉटच्या टोकाची खटकी दाबूनच कार्ड सरळ वर उचलावे. पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून पूर्ण वाळू द्याव्यात. खोडरबराने घासण्याची जुनी पद्धत टाळावी. तिने सोन्याचा मुलामा झिजतो आणि गंज आणखी लवकर चढतो. स्लॉटमध्ये टाचणी किंवा पिन घालू नये. धूळ ब्लोअरने काढावी. कार्ड परत बसवताना खटकीचा आवाज येईपर्यंत ते सारखे दाबावे आणि पाठीमागचा स्क्रू लावावा. जड कार्डाला खालून आधार द्यावा, नाहीतर ते झुकून एका टोकाचा संपर्क सुटतो.

प्रतिबंध : कॅबिनेट समुद्राकडच्या उघड्या खिडकीसमोर ठेवू नये. पावसाळ्यात संगणक नियमित चालवल्यास आतली ऊब ओलावा बसू देत नाही. काढून ठेवलेले कार्ड सिलिका जेलच्या पुडीसह स्थिरवीजरोधक पिशवीत ठेवावे. स्लॉटच्या स्प्रिंग वाकल्या किंवा गंजून गेल्या असतील, तर दुसरा स्लॉट वापरणे किंवा मदरबोर्ड बदलणे हे मार्ग राहतात. स्लॉट बदलण्याचे काम सोल्डरिंगच्या कुशल कारागिराकडेच द्यावे.