पोटखराब्याचे फोटो

कोकणचे फोटो म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एकच अल्बम असतो. समुद्र, माड, कौलारू घर, पावसात चिंब झालेली एसटी, आणि माणूस जरा जास्तच हौशी असेल तर होडीमागचा सूर्यास्त. माझ्याही हार्ड डिस्कवर असा एक फोल्डर आहे, नाही कशाला म्हणू! पण गेली काही वर्षं रत्नागिरीला गेलो की माझा कॅमेरा त्या अल्बममध्ये न बसणाऱ्या एका जागेकडे वळतो. ती जागा म्हणजे सडा.

ज्यांचं गाव घाटावर आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा. वर नुसता जांभ्याचा काळपट कातळ, मैलच्या मैल. एप्रिल-मेमध्ये दुपारी तिथे उभे राहिलात तर आपण कोकणात आहोत की जैसलमेरच्या वाटेवर, असा प्रश्न पडेल. झाड नाही, सावली नाही, पाणी नाही. गंमत म्हणजे याच जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे हे भर पावसातलं वाळवंट.

असं का? उष्ण आणि दमट हवेत लाखो वर्षं मुरत राहिलेल्या खडकातून सिलिका वाहून जाते, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतं. तो जांभा. १८०७ साली फ्रान्सिस बुकॅनन या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरने मलबारमध्ये तो पाहून त्याला 'लॅटराइट' हे नाव दिलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. कारण लोक तो विटेसारखा कापून घरं बांधत होते. आपल्याकडे त्यालाच चिरा म्हणतात. या कातळावर माती नावालाच. पाऊस थांबला की वरचं पाणी काही वाहून जातं, काही भेगांतून खाली झिरपतं, आणि दिवाळीनंतर सडा भाजायला लागतो. झिरपलेलं पाणी मात्र खालच्या उतारावर झऱ्यांतून आणि विहिरींतून निघतं. वाड्या बहुतेक तिथेच वसलेल्या असतात. म्हणजे सड्यावर फारसं कोणी राहत नाही, पण सड्याच्या जिवावर बरेच जण राहतात.

मी कातळाचे फोटो काढायला लागल्यावर आमचे काका म्हणाले, "अरे समुद्राचे काढ की. कातळाचं काय काढतोस? हितं काय हाय?"

प्रश्न अगदी रास्त होता. शनिवार-रविवारी जमेल तेवढं वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की हाच प्रश्न गेली दीडशे-पावणेदोनशे वर्षं सगळेच विचारत आलेत.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन कॉलेजात फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे आपल्याकडचे अगदी सुरुवातीचे छायाचित्रकार. म्हणजे कॅमेरा आपल्याकडे उशिरा आला असं अजिबात नाही. पण त्या काळच्या ओल्या कोलोडियन पद्धतीत काचेवर रसायन लावायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत तंबूत जाऊन धुवायचा. सोबत काचांच्या पेट्या, बाटल्या, हमाल. एका क्लिकची किंमत इतकी असेल तर माणूस काय टिपणार? लेणी, देवळं, किल्ले, राजेमहाराजे. आणि सरकारला हवे म्हणून माणसांचे 'नमुने'. १८६८ ते १८७५ या काळात निघालेले 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड हे त्याचं ठळक उदाहरण. त्यात माणूस आहे, पण जात-जमातीचा मासला म्हणून. गुरं हाकणारा, गवताचा भारा डोक्यावर घेऊन कातळ तुडवणारा माणूस काचेवर उमटायचं काही कारणच नव्हतं.

फोटो नव्हता, पण नोंद होती. ती महसुलाची. तुमच्या घरी गावच्या जमिनीचा सातबारा असेल (आणि त्यावर पंचवीस नावं असतील :-)) तर तो काढून बघा. लागवडीयोग्य क्षेत्राच्या जवळच एक शब्द दिसेल: पोटखराब. ज्या तुकड्यातून पीक येत नाही, तो तुकडा. सारा ठरवायला ही विभागणी सोयीची होती, त्यात वाईट काही नाही. डेटाबेसमध्ये एक कॉलम असतो तसा हा एक कॉलम. पण आमच्या धंद्यात एक अनुभव नेहमी येतो. कॉलम ज्या कामासाठी बनवला ते काम लोक विसरतात आणि त्यातली व्हॅल्यू तेवढी खरी मानतात. 'इथे भात पिकत नाही' याचं हळूहळू 'इथे काही नाही' होतं.

उपग्रह आले तरी फार फरक पडला नाही. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांत 'उघडा खडकाळ भाग' असा एक वर्गच आहे. आता पावसाळ्यात ढगांमुळे साध्या उपग्रह कॅमेऱ्याला कोकण स्वच्छ दिसणं मुश्कील. आणि सडा जिवंत असतो तो नेमका तेव्हाच! मृगाच्या सरी पडल्या की दिपकाडीची पांढरी फुलं येतात, ती फक्त कोकणातल्या अशा कातळांवरच. मग गवत, बेडूक, डबकी, सीतेची आसवं, गेंद. श्रावणात गुरं वर. भादवा-अश्विनात गवत कापणी. हे सगळं चार महिन्यांत उरकतं, आणि फोटो मात्र उरलेल्या आठ महिन्यांतले.

आता खरी मजा. ज्या कातळावर 'काही नाही' होतं, त्याच कातळावर देशातली एक मोठी चित्रशाळा निघाली. १९९३ मध्ये गोव्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळची कातळशिल्पं अभ्यासकांसमोर आली. रत्नागिरीत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गेल्या दीड दशकात गावोगावचे सडे अक्षरशः पायाखाली घालून शेकडो चित्रं नोंदवली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत. काही ठिकाणी गेंडा आहे, जो आज कोकणात औषधालाही नाही. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या शिल्पांची नऊ ठिकाणं गेली. त्यातली सात एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातली: उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे.

यातलं शेवटचं नाव पुन्हा वाचा. गोठण म्हणजे गुरं विसाव्याला बसतात ती जागा. अनेक ठिकाणची चित्रं गुराख्यांना आणि गावकऱ्यांना आधीपासून ठाऊक होती. शोध घेणाऱ्यांनी मुख्य काम केलं ते त्यांना विचारण्याचं. कातळाची खडान्‌खडा माहिती ज्याच्याकडे होती, तो माणूस आपल्या एकाही कॉलममध्ये नव्हता.

फोटोच्या दृष्टीने हे प्रकरण अवघड आहे. रेषा उथळ असतात. भर दुपारी ऊन डोक्यावर असताना चित्रावर उभे राहिलात तरी ते दिसणार नाही. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर तिरपा प्रकाश आला की खाचेत सावली पडते आणि अचानक आख्खा प्राणी उठून दिसतो. मोठी चित्रं तर जमिनीवरून फ्रेममध्ये मावतच नाहीत. ड्रोन आल्यावर ती एका नजरेत दिसायला लागली.

आणि मग बारसू. नाणारच्या रिफायनरीचं भूसंपादन २०१९ मध्ये रद्द झालं आणि २०२२ मध्ये पर्याय म्हणून बारसूच्या सड्याचं नाव पुढे आलं. जमीन बरीचशी ओसाड आहे, असं प्रकल्पाच्या बाजूने सांगितलं गेलं. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या वेळी गावकरी, त्यातही बायका, भर उन्हात त्या कातळावर बसून राहिल्या. रोजगार हवा की नको, हा वाद खरा आहे. पुण्यात बसून मी त्यावर निकाल देणार नाही. गावात नोकऱ्या असत्या तर आमच्यातले निम्मे हिंजवडीत नसते. पण 'ओसाड' हा शब्द त्या वादात पुरावा म्हणून वापरला जातो, आणि त्याला उत्तर द्यायला रोजच्या जगण्याचे फोटो जवळपास नसतातच. हत्तीचा फोटो सापडतो, त्याच्या शेजारी चरणाऱ्या म्हशीचा नाही.

अमेरिकेत १९३० च्या दशकात शेतं धुळीत उडून जात होती, तेव्हा सरकारी खात्यातल्या रॉय स्ट्रायकर नावाच्या माणसाने छायाचित्रकार गावोगाव पाठवले. जाताना हातात यादी द्यायचा: लोक संध्याकाळी काय करतात, भिंतीवर काय टांगतात, दुकानाबाहेर कोण बसतं. त्यातून लाखाहून जास्त निगेटिव्ह जमल्या. (नावडलेल्या निगेटिव्हना पंचने भोकं पाडायचा, ते मात्र वाईट.) आपल्याला तर फोटो फुकट पडतो.

तर माझी यादी देतो. सड्यावरची गोठण आणि तिचं नाव. गवताच्या उडव्या. गडगे, आणि ते कोणी रचले ते. कातळावर वाळत घातलेली आमसुलं. चिरेखाण, चालू आणि सोडलेली, दोन्ही. भर कातळात एकटा उभा असलेला एसटीचा थांबा. पावसाचं पाणी साठणारी डबकी, जूनमध्ये आणि पुन्हा मार्चमध्ये, त्याच जागेवरून. फोटोत तारीख आणि जीपीएस राहू द्या, आणि फाइलच्या नावात जागेचं गावातलं नाव लिहा. ते गूगल मॅपवर नाही, आजीला विचारावं लागतं.

पुढच्या लाँग वीकेंडला गावी जाणार असाल तर समुद्रावर जाताना वाटेत सडा लागतोच. दहा मिनिटं गाडी थांबवा.